कस्टम ड्युटीची भिंत आडवी आली, तेव्हा टॉमस बाटांनी भिंतीच्या आतच कारखाने काढले

बाटा ही भारतीय कंपनी आहे, असं आजही कित्येकांना वाटतं. शाळेचे काळे बूट बाटाचे, पीटीच्या तासाचे पांढरे कॅनव्हास बाटाचे, आणि बाबांचे ऑफिसला जायचे सँडलही बाटाचेच. गावात बाकी कुठल्या कंपनीचं दुकान नसलं तरी लाल अक्षरांतली बाटाची पाटी असायचीच. नावही असं की सहज कुणाचं तरी देशी आडनाव वाटावं.

आडनाव खरंच आहे, पण ते भारतातलं नाही. मध्य युरोपातल्या झ्लिन नावाच्या छोट्या गावातल्या मोच्याच्या घराण्याचं ते आडनाव आहे. चेक भाषेत त्याचा उच्चार साधारण बात्या असा होतो. आपण त्याचं बाटा केलं.

मग चेक मोच्याची कंपनी आपल्याकडे इतकी आपली कशी झाली? स्वस्त आणि टिकाऊ बूट हे त्याचं एक कारण आहेच. दुसरं कारण दडलंय कस्टमच्या दरपत्रकात. बाहेरून येणाऱ्या बुटावर कुठल्या देशात किती कर लागतो आणि तो बूट कुठल्या वर्गात मोडतो, या रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नानं टॉमस बाटांच्या आयुष्याची शेवटची काही वर्षं व्यापली होती. त्यांच्या मृत्यूपर्यंत हा धागा जातो.

कापडाच्या बुटानं वाचवलं

टॉमस बाटा यांचा जन्म ३ एप्रिल १८७६ चा. झ्लिन तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या बूट शिवायचं काम. आई लवकर गेली. वडिलांच्या हाताखाली काम शिकले, पण हा मुलगा दुकानात बसून राहणाऱ्यातला नव्हता. पंधराव्या वर्षाच्या आसपास व्हिएन्नाला बहिणीकडे जाऊन स्वतःचा धंदा करून बघितला. तो बुडाला आणि ते घरी परतले.

१८९४ मध्ये मोठा भाऊ अँटोनिन, बहीण अ‍ॅना आणि टॉमस या तिघांनी मिळून झ्लिनमध्ये कंपनी काढली. भांडवल होतं आईच्या वारशातून आलेलं. एकेकटा मोची आपापल्या घरात बूट शिवतो आणि बाजारात नेऊन विकतो, हा तेव्हाचा रिवाज. या भावंडांनी कामगार ठेवले आणि त्यांना ठरलेला पगार द्यायला सुरुवात केली. आठवड्याच्या आठवड्याला हातात पैसे पडणं ही त्या धंद्यात नवलाईची गोष्ट होती.

वर्षभरातच कंपनी कर्जात बुडाली. त्यात अँटोनिन यांना सैन्यात बोलावणं आलं आणि एकोणिसाव्या वर्षी सगळा भार टॉमस यांच्यावर पडला. चामडं घ्यायला पैसे नव्हते. मग त्यांनी वरचा भाग जाड कापडाचा आणि खाली चामड्याचा सोल असा हलका बूट काढला. चामड्याच्या बुटापेक्षा तो खूप स्वस्त पडायचा, त्यामुळे ज्यांनी कधी दुकानातला बूट घेतला नव्हता ती माणसंही गिऱ्हाईक झाली. कर्ज फिटलं.

हा कापडाचा बूट लक्षात ठेवा. बुटाचा वरचा भाग कशाचा आहे, हा प्रश्न पुढे परत येणार आहे.

अमेरिकेत कामगार म्हणून

१९०४ मध्ये टॉमस बाटा अमेरिकेला गेले. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं लिन हे शहर तेव्हा बुटांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होतं. स्वतःचा कारखाना असलेला हा माणूस तिथे साधा कामगार म्हणून मशीनवर उभा राहिला. काम कसं वाटलं जातं, मशीनचा वेग किती असतो, एका कामगाराकडून दिवसाला किती जोड निघतात, हे सगळं त्यांनी काही महिने आतून पाहिलं. परत आल्यावर झ्लिनचा कारखाना त्या धर्तीवर उभा केला.

१९०८ मध्ये अँटोनिन यांचा क्षयानं मृत्यू झाला. १९१२ मध्ये टॉमस यांचं लग्न मारी मेन्चिकोवा यांच्याशी झालं आणि १९१४ मध्ये मुलगा झाला. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. सैन्याच्या बुटांची प्रचंड मोठी ऑर्डर त्यांनी मिळवली आणि चार वर्षांत कंपनी कितीतरी पटींनी वाढली.

एका रात्रीत गिऱ्हाईक परदेशी झालं

१९१८ मध्ये युद्ध संपलं आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचे तुकडे झाले. नकाशावर नवे देश आले. झ्लिन चेकोस्लोव्हाकियात गेलं. इतिहासाच्या पुस्तकात हा प्रकार एका ओळीत संपतो, पण कारखानदाराच्या नजरेतून बघा. काल झ्लिनचा बूट व्हिएन्नाला किंवा बुडापेस्टला जायचा, तेव्हा वाटेत कस्टमचा नाका नव्हता. सगळं एकाच साम्राज्याच्या आत होतं. आता तीच गिऱ्हाइकं परदेशी झाली. प्रत्येक नव्या सीमेवर नाका, त्या नाक्यावर दरपत्रक आणि त्यात बुटाची एक ओळ.

त्यात चेकोस्लोव्हाकियाच्या चलनाचा भाव एकदम वधारला. देशाचं चलन महाग झालं की त्याचा माल परदेशात महाग पडतो. निर्यात अडली, गोदामं भरली, कारखाने बंद पडू लागले. सप्टेंबर १९२२ मध्ये बाटा यांनी बुटांच्या किमती थेट निम्म्यावर आणल्या. कामगारांचे पगार ४० टक्क्यांनी कापले, आणि त्याबदल्यात त्यांना अन्न आणि कपडे कंपनीकडून निम्म्या भावात द्यायची सोय केली. बाकीचे कारखानदार हसले. पण गिऱ्हाइकांच्या रांगा लागल्या आणि साचलेला माल संपला.

पुढच्या वर्षी ते झ्लिनचे महापौर झाले. कामगारांसाठी विटांची घरं, शाळा, दवाखाना, सगळं कंपनीच्या भोवती उभं राहिलं. १९२४ पासून कारखान्यातल्या प्रत्येक विभागाचा हिशेब वेगळा ठेवून नफ्यात कामगारांना वाटा मिळू लागला. १९२७ मध्ये सरकते पट्टे आले.

याला दुसरी बाजूही होती. कामगार संघटना बाटांना चालत नसत. पट्ट्याचा वेग कामगाराला दम घेऊ देत नसे. आणि बाटाचं दुकान ज्या गावात उघडे, तिथला हातानं बूट शिवणारा मोची हवालदिल होई. एका जोडाला त्याला जितका वेळ लागे, तितक्यात कारखान्यातून कितीतरी जोड बाहेर पडत. त्यामुळे युरोपभर बाटांचं नाव काढलं की गिऱ्हाईक खूश आणि मोची संतप्त, असं चित्र होतं. मोच्यांनी आणि स्थानिक कारखानदारांनी आपापल्या सरकारकडे धाव घेतली. मागणी एकच होती, की बाहेरून येणाऱ्या बुटावर कर वाढवा.

कस्टमवाले बुटाचा वर्ग कसा ठरवतात?

आता थोडं थांबून हे दरपत्रक नेमकं कसं चालतं ते पाहू.

कुठलाही माल बंदरात उतरला की कस्टमचा अधिकारी आधी तो कुठल्या वर्गात बसतो हे ठरवतो. कराचा दर वर्गावरून ठरतो. बूट म्हटला की आपल्याला एकच वस्तू दिसते. कस्टमला मात्र तिचे दोन भाग दिसतात, वरचा म्हणजे अप्पर आणि खालचा म्हणजे सोल.

आज भारतासह जगातले बहुतेक देश वर्गीकरणाची एकच पद्धत वापरतात. ती १९८८ पासून जगभर लागू झाली. तिच्यात पादत्राणांसाठी ६४ वा अध्याय आहे. न शिवता, न ठोकता बनवलेले रबर-प्लास्टिकचे पाणी न शिरणारे बूट, म्हणजे आपले गमबूट, ६४०१ मध्ये. बाकी रबर-प्लास्टिकची पादत्राणं ६४०२ मध्ये. चामड्याचं अप्पर असेल तर ६४०३, कापडाचं असेल तर ६४०४. यातल्या कशातच बसत नसेल तर ६४०५. नुसते सुटे भाग असतील तर ६४०६.

पण अप्पर अर्धं चामड्याचं आणि अर्धं कापडाचं असेल तर? मग बाहेरून दिसणारं क्षेत्रफळ मोजायचं. ज्याचं क्षेत्रफळ जास्त, त्याचा वर्ग. बक्कल, शोभेच्या पट्ट्या, मजबुतीसाठी लावलेले तुकडे यात धरायचे नाहीत. सोलच्या बाबतीत जमिनीला टेकणारा भाग मोजायचा. वापरलेले जुने बूट या अध्यायातच येत नाहीत, ते जुन्या कपड्यांबरोबर जातात. स्केटिंगची चाकं बसवलेला बूट खेळाच्या सामानात जातो.

याच अध्यायात एक मजेशीर नोंद आहे. सोल चामड्याचा आणि वर पावलावरून जाणारे व अंगठ्याभोवतीचे चामड्याचे पट्टे, अशा पादत्राणासाठी ६४०३ च्या पोटात वेगळा उपवर्ग आहे. वाचताना कोल्हापुरी चपलेचंच वर्णन वाचतोय असं वाटतं.

टॉमस बाटांच्या काळात ही सामाईक पद्धत नव्हती. प्रत्येक देशाचं दरपत्रक वेगळं आणि वर्ग ठरवायचे नियमही वेगळे. अमेरिकेत क्षेत्रफळाऐवजी किंमत बघत. बूट ज्या वस्तूंपासून बनला त्यातली सगळ्यात जास्त मोलाची वस्तू कुठली, त्यावर वर्ग ठरे. म्हणजे कारखान्यातला खर्चाचा कागद हाच कस्टममधला पुरावा.

अमेरिकेनं भिंत उभी केली

१९१३ पासून अमेरिकेत चामड्याच्या बुटांवर आयात शुल्कच नव्हतं. मशीनवर बूट बनवण्यात अमेरिका इतकी पुढे होती, की बाहेरच्यांची भीती वाटायचं कारण नव्हतं. पण १९२० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियातून येणाऱ्या बुटांचा ओघ वाढला आणि त्यात सगळ्यात मोठं नाव होतं बाटा. मॅसॅच्युसेट्सच्या कारखानदारांनी ओरड सुरू केली. ज्या राज्यात पंचवीस वर्षांपूर्वी बाटा मशीनवर उभं राहून धंदा शिकले, तेच राज्य आता त्यांच्या बुटांपासून संरक्षण मागत होतं.

१७ जून १९३० ला राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी स्मूट-हॉली कायद्यावर सही केली. जागतिक मंदीच्या तोंडावर शेकडो वस्तूंवरचे कर वाढवणारा हा कायदा आजही बदनाम आहे. त्यात चामड्याच्या बुटांवर २० टक्के शुल्क बसलं. कापडाचं अप्पर असेल तर ३५ टक्के, मग सोल चामड्याचा असो, लाकडाचा असो की आणखी कशाचा. ज्या कापडी बुटानं तरुण बाटांना कर्जातून वर काढलं, तसल्या बुटाला अमेरिकेच्या नाक्यावर चामड्याच्या बुटापेक्षा पावणेदोनपट दर लागणार होता.

त्याच कायद्यात कच्च्या कातड्यावर १० टक्के शुल्क आलं. जनावरं पाळणाऱ्यांना त्यांचा वाटा, कारखानदारांना त्यांचा वाटा, आणि दोन्हीचा भार बूट घेणाऱ्याच्या खिशावर.

मग एकामागून एक देश आपापल्या भिंती उंच करू लागले. खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता म्हणवणाऱ्या ब्रिटननंही १९३२ च्या सुरुवातीला बहुतेक आयात मालावर १० टक्के शुल्क लावलं आणि पुढे ते अनेक वस्तूंवर वाढवलं. स्वस्त बूट हेच ज्यांचं हत्यार, त्यांच्यासाठी ही मोठीच कोंडी होती. झ्लिनमध्ये घाम गाळून किंमत खाली आणायची आणि नाक्यावर ती परत वर जायची.

भिंत ओलांडायची कशी?

दरपत्रक नीट वाचलं की त्यातली फट दिसते. जवळपास सगळ्याच देशांत कच्च्या मालावर कर कमी असतो, अर्ध्या तयार मालावर थोडा जास्त आणि तयार वस्तूवर सगळ्यात जास्त. म्हणजे तयार बूट सीमेपलीकडे नेणं महाग, पण चामडं, रबर आणि मशीन नेऊन बूट तिथेच बनवणं स्वस्त. भिंतीच्या आत बनलेला बूट आयात ठरतच नाही, त्यामुळे त्याच्या वर्गाचा आणि दराचा प्रश्नच उरत नाही.

बाटा यांनी हेच केलं. जर्मनीत ओटमुथ, युगोस्लाव्हियात बोरोवो, पोलंडमध्ये खेल्मेक, फ्रान्समध्ये एलोकूर, स्वित्झर्लंडमध्ये म्योलिन, इंग्लंडमध्ये ईस्ट टिलबरी. १९३१-३२ च्या सुमारास ही कामं भराभर सुरू झाली. बऱ्याच ठिकाणी आराखडा झ्लिनचाच होता. विटांच्या चौकोनी इमारती, मोठ्या काचा, शेजारी कामगारांची घरं. जणू झ्लिनचीच छोटी छोटी रोपं देशोदेशी लावली होती.

भारताचं काय?

भारतात तेव्हा बहुसंख्य लोक अनवाणी चालत होते. बाटांच्या लेखी ही भावी गिऱ्हाइकं होती. शिवाय कच्चं कातडं इथे मुबलक होतं आणि जगाच्या बाजारात जात होतं. तयार बूट युरोपातून आणायचा तर बोटीचं भाडं आणि वर आयात शुल्क. मंदीत सरकारी तिजोरी रिकामी झाली म्हणून ब्रिटिश सरकारनं १९३१ या एकाच वर्षात भारतातली आयात शुल्कं दोनदा वाढवली.

त्याच वर्षी भारतात बाटा शू कंपनीची नोंदणी झाली. डिसेंबर १९३१ मध्ये बाटा स्वतः विमानानं पूर्वेच्या दौऱ्यावर निघाले. त्या काळात युरोपातून भारत आणि पुढे थेट जावापर्यंत विमानानं जाणं हे धाडसच होतं. या दौऱ्यात त्यांनी भारत डोळ्यांनी पाहिला. १९३२ मध्ये कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी कोन्नगरला छोट्या प्रमाणावर काम सुरू झालं.

शेवटचं उड्डाण

१२ जुलै १९३२ च्या सकाळी टॉमस बाटा झ्लिनजवळच्या ओट्रोकोव्हित्से इथल्या कंपनीच्या धावपट्टीवर आले. त्यांना स्वित्झर्लंडला, म्योलिनच्या नव्या कारखान्याच्या कामाला जायचं होतं. धुकं दाट होतं, तरी विमान उडालं. काही मिनिटांतच ते कोसळलं. बाटा आणि त्यांचे वैमानिक दोघेही जागीच गेले. बाटा ५६ वर्षांचे होते.

शुल्काची भिंत ओलांडण्यासाठी जे कारखाने त्यांनी काढले, त्यातल्याच एकाकडे जाताना त्यांचा शेवट झाला. पुढच्या वर्षी झ्लिनमध्ये त्यांचं काचेचं स्मारक उभं राहिलं. आत तसलंच एक विमान टांगलेलं होतं.

त्यांच्या मृत्यूनंतर नऊच दिवसांनी कॅनडातल्या ओटावा इथे ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांची परिषद सुरू झाली. साम्राज्यातल्या मालाला सवलत आणि बाहेरच्या मालाला भिंत, हे तिथे ठरलं. ज्यांचा कारखाना साम्राज्याच्या आत, त्यांना फायदा होणार होता. ईस्ट टिलबरी आणि कोन्नगरची निवड किती योग्य वेळी झाली, हे बाटांना पाहायला मिळालं नाही.

कंपनी सावत्र भाऊ यान यांच्याकडे गेली. जानेवारी १९३४ मध्ये कलकत्त्याजवळ नव्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि त्याभोवती जे गाव वसलं ते बाटानगर. दुसऱ्या महायुद्धानंतर झ्लिनचा मूळ कारखाना सरकारनं ताब्यात घेतला. १९४९ मध्ये गावाचं नावही बदलून गॉटवाल्डोव्ह झालं, ते १९९० मध्ये परत झ्लिन झालं. टॉमस यांचा मुलगा कॅनडातून कंपनी चालवत राहिला. मुळावर घाव पडूनही कंपनी जगली, कारण देशोदेशी लावलेली रोपं तोवर रुजली होती. भारतातलं रोप तर इतकं रुजलं की त्याचं मूळ दुसरीकडे आहे हेच लोक विसरले.

भिंतीनं कुणाला वाचवलं?

हा प्रश्न आजचाही आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात भारतानं आयात पादत्राणांवरचं मूळ सीमाशुल्क २५ वरून ३५ टक्के केलं. देशातल्या छोट्या उत्पादकांना आधार मिळावा, हा हेतू त्यामागे सांगितला गेला. बाहेरच्या स्वस्त मालापुढे आग्र्याच्या किंवा कोल्हापूरच्या कारागिरानं टिकायचं कसं, ही चिंता खोटी नाही.

पण बाटांची गोष्ट या चिंतेत एक भर घालते. १९३० च्या आसपास ज्या मोच्यांनी आपापल्या सरकारकडे भिंत मागितली, त्यांना भिंत मिळाली. बाहेरचा बूट महागही झाला. पण बूट अडला म्हणून बूटवाला अडला नाही. तो चामडं आणि मशीन घेऊन भिंतीच्या आत आला. तिथल्या कामगारांना रोजगार मिळाला, सरकारला कारखाना मिळाला, गिऱ्हाइकाला बूट मिळाला. मोच्याच्या समोर मात्र तोच स्पर्धक उभा होता, फक्त आता तो सीमेपलीकडे नव्हता, शेजारच्या गावात होता.

आयात शुल्क माल कुठे बनणार हे बदलू शकतं. तो हातानं बनणार की मशीनवर, हे त्या दरपत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं.